चिंपांझीसरांची भावकी

‘माणूस माकडापासून झाला’ असं वर्गात कुणी म्हटलं, की चिंपांझीसर हातातला खडू खाली ठेवायचे. "तुमच्या घरी झाला असेल. शास्त्रात माणूस आणि चिंपांझी चुलत भावंडं आहेत. पूर्वज एक, पुढे घरं वेगळी झाली." कर्वेनगरच्या कॉलेजात ते आम्हाला जीवशास्त्र शिकवायचे. हे टोपणनाव त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही.

चिंपांझींचं कौतुक मात्र ते करत नसत. ती टोळीनं हद्दीवर फिरतात, परका एकटा सापडला की त्याला ठार मारतात, हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. "भावकीच ती," म्हणायचे, "गुण सारखे असायचेच." मी बाकावर पुढे सरकून ऐकायचो. त्यांचा लाडका विद्यार्थी मीच. पुढे जीवशास्त्र सोडून कॉम्प्युटरकडे वळलो, तेव्हा म्हणाले, "बटणं दाबायला चिंपांझीही शिकतो. तू विचार करणारा होतास." ते मला फार दिवस बोचलं.

आयटी कंपनीत त्यांची मुलगी मेधा माझ्या शेजारच्या टेबलावर आली आणि आमचं जमलं. आमचं घर वारज्यातलं, बौद्ध. आई-बाबा रीतसर सरांकडे गेले. सरांनी "आपण बसावं" म्हणत चहा दिला आणि शांतपणे नकारही दिला.

मेधा भडकली. "बाबा, सगळी माणसं एकाच पूर्वजाची, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं. परीक्षेत विचारतात."

मग माझ्या बाबांकडे वळून म्हणाले, "शास्त्राला आमची हरकत नाही हो. सोयरीक वेगळी."

बाबांनी अर्धा कप तसाच ठेवला आणि उठले.

आमच्या नोंदणी लग्नाला सर आले नाहीत. मुलगी अमेरिकेला गेली, असं शेजाऱ्यांना सांगत. आम्ही राहत होतो जवळच, वारज्यात.

काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा सासूबाईंनी निरोप धाडला. आम्ही आमच्या लहानग्या मुलीला घेऊन गेलो. तिनं पलंगाशी जाऊन आजोबांचा हात धरायला हात पुढे केला. सरांनी आपला हात पांघरुणाखाली ओढून घेतला. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

"थंडी वाजते," ते म्हणाले. मे महिन्याची दुपार होती.

त्याच आठवड्यात सर गेले. खांदा द्यायला मी पुढे झालो, तर त्यांच्या पुतण्यानं बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही गाडीनं या."

मुलगी आता मोठी झाली आहे. आजोबा कसे होते, विचारते. मेधा उठून आत जाते. मी सांगतो, "शिकवायचे फार सुंदर."