मामाची गळती

माझा मामा कापड रंगवायच्या कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला, मामा चालूच राहिला. कारण आगीसाठीची पाण्याची टाकी भरलेली ठेवायला कुणीतरी लागतंच. त्या टाकीचा पाइप बॉयलरघरामागे गळायचा. मामाने एकदा वायसर बदलला, एकदा चिंधी गुंडाळली आणि मग "उद्या बघू" म्हणाला. तो उद्या काही उगवला नाही. बॉयलरघरामागच्या खोलगटात तळं होतं, तळ्यात लव्हाळं, लव्हाळ्यात बदकं. हे सगळं त्या गळतीचंच, याबद्दल आमच्या घरात कुणाला शंका नव्हती.

नळ टपटपला, दाराची कडी निखळली, की मामी म्हणायची, "यांना सांगू नका. घरातही बदकं येतील." मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि डबा घेऊन तळ्याकाठी जेवायला जायचा.

मग जमिनीचा नवा आराखडा आला. धुरांडं आणि बॉयलरघर वारसा म्हणून राखायचं, बाकीचं पाडून इमारती बांधायच्या आणि जुन्या कामगारांना पहिल्या इमारतीत दोन-दोन खोल्या द्यायच्या. ती पहिली इमारत नेमकी तळ्याच्या जागी होती. चाळीतल्या सामाईक संडासासमोर उभं राहून राहून मामीचे गुडघे गेले होते. तिला संडास घरात हवा होता. याहून मोठी इच्छा मी तिच्या तोंडून कधी ऐकली नाही.

पाहणीला एक पाण्याच्या अभ्यासक बाई आल्या. गमबूट घालून दिवसभर तळ्यात फिरल्या आणि लिहून गेल्या, की हा नैसर्गिक झरा दिसतो. भर उन्हाळ्यातही पाणी टिकलं, तर इथे बांधकाम करता येणार नाही.

मामी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिच्या लक्षात आलं.

"अहो, तुमच्या गळतीला झरा म्हणतायत! जा, आत्ताच्या आत्ता बंद करून या."

"बदकांची पिल्लं आहेत गं," मामा म्हणाला.

"माझे गुडघे आहेत."

मामाने चहा अर्धाच ठेवला आणि पाना उचलला. मीही मागोमाग गेले. त्याने व्हॉल्व्ह बंद केला, गंजलेला तुकडा कापला, नवा बसवला. तासाभराचं काम! इतकी वर्षं याच्यासाठी आम्ही मामीची बोलणी ऐकत होतो, याचा मला संताप आला. परतताना मामाने तळ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तेव्हा मात्र मला त्याचं फार वाईट वाटलं.

उन्हाळा आला. विहिरी आटल्या, नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं. तळं होतं तेवढंच. मामी रोज जाऊन काठी बुडवून बघायची. शेवटी तिला काठीचाच संशय आला आणि तिने दुसरी आणली. पाणी तिच्यावरही तेवढंच चढलं. बाईंचं बरोबर होतं. खाली झरा होता. मुळात पाणी होतं म्हणूनच कुणीतरी इथे रंगाईचा कारखाना काढला असणार. मामाची गळती म्हणजे दर्यामें खसखस.

इमारत रद्द झाल्याचं कळलं, त्या संध्याकाळी मामी मला घेऊन तळ्यावर गेली. मामा काठावर बसून एकटाच हसत होता. आम्हाला पाहून त्याने चेहरा पाडला, पण उशीर झाला होता.

"आनंद झालाय तुम्हाला," मामी म्हणाली.

"झालाय. घर गेल्याचं वाईटही वाटतंय."

"एवढा जीव होता तळ्यावर, तर बंद कशाला केलंत?"

"तू म्हणालीस म्हणून."

मामी गुडघा धरत त्याच्याशेजारी टेकली आणि रडायला लागली. लग्न झाल्यापासून तिने सांगितलेलं काम मामाने त्याच दिवशी केल्याचा हा एकमेव प्रसंग होता, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता.