कोरियन वेण्या

कुवेतमध्ये चार मराठी घरे एकत्र आली की किस्से साठत जातात. त्यातले खरे किती, हे तपासायला मात्र कोणी बसत नाही. पुढचे किस्से मी यंदा रमजान ईदच्या सुट्टीत, तिथल्या एगैला भागात मावशीच्या घरी ऐकले. बहुतेक मावसबहीण जुईने सांगितले, थोडे काकांनी. मी पुण्यात संगीताच्या इतिहासावर एम.ए. करतो, त्यामुळे दोघेही माझ्यासमोर जरा जपून बोलत होते, हेही नमूद करतो.

*

जुई अकरावीत आहे. तिचा मैत्रिणींचा ग्रुप कोरियन पॉपवर नाचतो. नाच बसवते तिची सुदानी वर्गमैत्रीण अमल. काका मीना अब्दुल्ला या गावातल्या रिफायनरीत इंजिनिअर आहेत. एकदा सराव पाहताना ते म्हणाले, "अगं, हा ठेका कोरियाचा कुठला? आमचा अमेरिकन फोरमन ब्लॅक होता, तो गाडीत हेच लावायचा!"

"बाबा, प्लीज! तुम्हाला सगळं जुनंच वाटतं."

अमल पाणी पीत होती. ती शांतपणे म्हणाली, "अंकल इज राइट."

तेव्हापासून काका सरावाला खुर्ची टाकून बसतात!

काकांचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. रॅप, गाण्याची ती ढब, नाचातल्या कितीतरी हालचाली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडून कोरियात गेल्या. जाण्यात गैर काही नाही. वाटेत त्यांचे नाव गळाले, ही अडचण.

*

कुलकर्णी मॅडम जुईच्या शाळेत सुपरवायझर आहेत आणि तिथल्या मराठी मंडळात निवेदिका. अमल एकदा डोक्याला चिकटून जाणाऱ्या बारीक वेण्या घालून शाळेत आली. मॅडम म्हणाल्या, "ही शाळा आहे, फॅशन शो नाही. उद्या नीट विंचरून ये." अमलने वेण्या सोडल्या.

पुढे मंडळाच्या कार्यक्रमात जुईच्या ग्रुपचा नाच ठरला. त्याच्या रंगीत तालमीसाठी अमलच्या आईने तशाच वेण्या जुईला घालून दिल्या. मॅडमनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अय्या, किती गोड! एकदम कोरियन!"

हे सांगताना जुई हसली नाही.

*

मी अमलला एक शंका विचारली. ती सुदानची, हिप-हॉप अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे. मग ती त्याला 'आमचे' कसे म्हणते? जुईचे ऐकून तीही मला दादा म्हणते.

"दादा, ओरडा बसतो तेव्हा मला त्यांच्यातच धरतात. मग नाचतानाही धरा की!"

मी ते टिपून घेतले. प्रबंधात कुठे घालावे, हे अजून ठरलेले नाही.

*

मंडळाच्या रंगमंचावर फक्त सभासदांची मुले, असा नियम आहे. अमलला वगळले. मावशी नर्स आहे, सहसा वाद घालत नाही. त्या दिवशी घातला.

"अहो, ही पोर रोज आमच्याकडे वरणभात खाते. आणखी काय सभासद व्हायचं?"

"वहिनी, आज एकीला घेतलं की उद्या हवल्लीतली अख्खी अरब वस्ती येईल!" मॅडम म्हणाल्या.

"येऊ देत की. आपल्या मागच्या रांगा रिकाम्याच असतात!"

नियम बदलला नाही. अमल प्रेक्षकांत बसेल, असे ठरले.

*

कार्यक्रमाच्या दिवशी पडदा उघडला. मुली आपापल्या जागी उभ्या होत्या आणि मधली जागा मोकळी होती. गाणे सुरू झाले, तरी कोणी हलले नाही. मॅडम माईक घेऊन धावत आल्या.

"काय झालं गं? मध्ये कोण हवंय?"

"जिने नाच बसवला ती," जुई माईकमध्ये म्हणाली. "ती तिसऱ्या रांगेत बसली आहे."

सगळ्या माना वळल्या. मॅडमना हसावेच लागले. "ये, ये बेटा!" अमल वर आली. तिने त्या दिवशी पुन्हा वेण्या घातल्या होत्या. मॅडमनी तिच्यापुढे माईक धरला आणि इंग्रजीत विचारले, "मग, तूही कोरियाची फॅन वाटतं?"

"नाही मॅम," अमल म्हणाली. "कोरिया आमचा फॅन आहे."

इथपर्यंत जुई, काका आणि मावशी, तिघांचे सांगणे जुळते. पहिली टाळी कुलकर्णी मॅडमनीच वाजवली, असे काका म्हणतात. मावशी ते साफ नाकारते. जुईची तेव्हा मॅडमकडे पाठ होती. याची खात्री मला करता आलेली नाही.