फेतूच्या भुवया

लनुओला आमच्याच सवाई बेटावरची. ऑकलंडला शिकून आली, गावच्या शाळेत लागली आणि स्वतःच्याच वर्गावर संशोधन करायला बसली. ते तिने शेजारच्या वर्गाच्या मलियाताईला मोठ्या हौसेने वाचून दाखवलं. मलियाताई वयाने मोठी, जिभेने तिखट.

"समजलं का विचारलं, तर निम्मा वर्ग उत्तरच देत नाही," लनुओलाने वाचलं. "आत्मविश्वासाचा अभाव."

मलियाताईने हातातलं शहाळं खाली ठेवलं. "उत्तर देत नाहीत, मग करतात काय?"

"काही नाही. नुसत्या भुवया उंचावतात."

"अगं बाई! मग 'हो'च म्हणतात की तुला! तुझी आई जन्मभर तसंच हो म्हणत आली, आणि तू पोरांना मुकं ठरवलंस?"

लनुओलाचे कान तापले. ऑकलंडहून आणलेल्या प्रश्नावलीत तोंडी उत्तराचा रकाना होता, भुवयांचा नव्हता. तिने डोळे झाकून तीच वापरली होती. आता बोला!

तिला सगळ्यात आधी आठवली ती छोटी फेतू. "तोंड नाही का तुला?" म्हणून तिने फेतूला भर वर्गात उभं केलं होतं. ती बिचारी रडवेली होऊन पुन्हा पुन्हा भुवया उंचावत राहिली होती.

"फाडून टाकते सगळं," लनुओला पुटपुटली.

"कागद फाडून काय होणार? फेतूची माफी मागशील?"

लनुओलाने फक्त भुवया उंचावल्या.

"ऐकू आलं," मलियाताई म्हणाली.