गहवा न पिणारी मावशी

आमच्या हिला शारजात सगळे मावशी म्हणायचे. सरकारी हापिसात साहेबानं 'इन्शाल्ला' म्हटलं की बाकीची माणसं मान डोलवून घरी जायची. ही जायची नाही. म्हणायची, "देवाची मर्जी आहेच हो. तुमची कधी होणार? वार सांगा." हे ती अरबीत विचारायची, आणि तिची अरबी म्हणजे मुलींच्या शाळेत फरशी पुसताना कानावर पडलेली. व्याकरणाचा पत्ता नव्हता, पण सगळे वार पाठ होते. साहेब आधी गोंधळायचा, मग हसायचा, आणि हसला की सापडलाच. वार सांगावाच लागायचा. त्या वारी ही सकाळीच दारात हजर.

तिला जाऊन दीड वर्ष होत आलं. लोक सांगतात, मन मोकळं करा, रडा. मला रडायचं नाही. मी चौथी शिकलेला वेल्डर माणूस, मला नटवून लिहिता येत नाही. पण इकडं गावात तिला 'दुबईवाल्याची बायको' म्हणतात ते मला खपत नाही. एक तर दुबई नव्हे, शारजा. आणि तिकडं मला कुणी नावानं ओळखत नव्हतं. मी 'मावशीचा नवरा' होतो.

ती माझ्या खांद्याला जेमतेम लागायची. पण हापिसात शिरली की थेट पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर. मी आपला दाराजवळ उभा. मला खूण करून बोलवायची. मी म्हणायचो, "अगं, पुढं मोठी माणसं बसतात." ती म्हणायची, "मागं बसून काय सिनेमा बघायचाय?" पर्स मांडीवर, पदर खोचलेला, चपला फरशीला घट्ट टेकलेल्या. उठवायला आलेला माणूस दोन शब्द बोलायचा आणि निघून जायचा.

आम्ही राहायचो ते एक जुनं अरबी घर. मधे अंगण, भोवती खोल्या, अंगणात एक खजुराचं झाड, त्याला कधी धड खजूर आला नाही. एकट्याला भाडं झेपणारं नव्हतं, म्हणून खोल्या आपल्याच माणसांना दिल्या होत्या. सहा जण होते. त्यातला दगडू माणदेशातला प्लंबर. हमीद खेडकडचा, क्रेन चालवायचा. बाकीचे असेच, कुणी सुतार, कुणी ड्रायव्हर. सगळ्यांच्या बायका गावाकडं. आम्हाला मूल झालं नाही. शाळेतून आली की ही सगळ्यांच्या भाकऱ्या थापायची, आणि थापता थापता एकेकाची हजेरी घ्यायची.

शुक्रवारचं जेवण एकत्र, हा तिचा कायदा. भांडणं झालेली असली तरी त्याच पंगतीला बसायचं. हमीद पहाटे जाऊन मासळी आणायचा, आणि दगडू मासळी बघून नाक मुरडायचा. मग हिचं सुरू. "दगडू, तुझ्या गावात पाणी नाही, मासा कुठनं दिसणार? खा गुमान. नाहीतर तुझ्या बायकोला फोन लावते, नवरा ताटात टाकतो म्हणून."

"मावशी, तिला नका सांगू. ती मला आधीच टाकून बोलते."

"मग बरोबर बोलते."

हमीद हसून हसून पोट धरायचा. असं आमचं घर.

एके दिवशी मी कंपनीच्या बसमधून उतरलो तर फाटकावर कागद चिकटवलेला. सगळे फाटकाशी उभे. बलदियाचा, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेचा कागद. हा भाग कुटुंबांचा आहे, बॅचलर लोकांनी आठवड्यात जागा सोडावी. तिकडं बॅचलर म्हणजे लग्न न झालेला असं नाही. ज्याची बायको जवळ नाही तो बॅचलर. दगडूला तीन पोरं, तरी तो बॅचलर. मी तिथंच शिव्या घातल्या. ही म्हणाली, "तुमचं तोंड घरात ठेवा. ते बाहेर काढलं की काम बिघडतं."

त्या संध्याकाळी सगळे बॅगा भरायला लागले. दुसरं काय करणार? लांब वाळूत कंपन्यांचे कॅम्प होते, तिथं एका खोलीत दहा-बारा माणसं, बंक बेड, जेवण डब्यातलं. दगडूनं आपली चादर घडी घालून वर ठेवली तेवढ्यात ही आली आणि तिनं ती परत खाटेवर पसरली. म्हणाली, "मला पोर नाही. ही सहा माणसं माझ्या हातचं खातात. माझं घर कोण मोडतो ते मला बघू दे."

दुसऱ्या दिवशी टायपिंगच्या दुकानात गेलो. मी, ही आणि हमीद. टायपिंगवाला मल्याळी, अरबीत अर्ज टाईप करून द्यायचा. त्यानं खटाखट अर्धं पान भरलं. हिनं विचारलं, "क्या लिखा, पढ के बताव." तो म्हणाला, "मैं गरीब, बेसहारा औरत, आपके कदमों में..."

"रुको, रुको. गरीब काट डालो. मैं नोकरी करती हूँ. बेसहारा भी काट डालो." माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ये मेरा आदमी खडा है ना इधर."

"मावशी, ऐसाच फॉर्मॅट है."

"फॉर्मॅट को बोलो, मैं रोने को नहीं जा रही."

त्यानं हमीदकडं बघितलं. हमीदनं हात वर केले. शेवटी अर्ज चार ओळींचा झाला. टायपिंगवाल्यानं डोक्याला हात लावला. म्हणाला, एवढ्याशा कागदावर काम झालेलं मी बघितलेलं नाही. ही म्हणाली, "बघशील."

बलदियात गेलो तो सोमवार होता. ते महत्त्वाचं आहे, कारण हिचा सोमवार कडक. सूर्य बुडेपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही नाही. साहेब तिथलाच अरब, पिकलेली दाढी, शांत माणूस. त्याच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या, आणि येईल त्याला आधी गहवा. गहवा म्हणजे त्यांची वेलदोड्याची कडू कॉफी. बिनकानाच्या चिमुकल्या पेल्यात घोटभर देतात. एक म्हातारा लांब चोचीची किटली घेऊन आला. मला दिला, हमीदला दिला, आम्ही प्यालो. हिनं पेला घेतला, आणि न पिता समोरच्या टेबलावर ठेवून दिला.

साहेब बोलता बोलता थांबला. पेल्याकडं बघितलं, हिच्याकडं बघितलं. ताठ बसला. हातातला स्वतःचा पेलाही त्यानं खाली ठेवला. किटलीवाला म्हातारा दाराशीच उभा राहिला, हालेना. मला वाटलं, मेलो. हिनं अपमान केला, आता आम्हालाही बाहेर काढतात.

साहेबाला हिंदी चांगली यायची. म्हणाला, "बोलो."

ही बोलली. घर सांगितलं, कागद सांगितला.

"तुम्हारे घर में छे बॅचलर हैं?"

"बॅचलर एक भी नहीं, साब. सबको बीवी है. बीवी उधर है, इतनाच."

साहेबानं हमीदकडं आणि माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "ये छे लोग तुम्हारे कौन लगते हैं?"

"भाई."

"छे के छे?"

"हां."

त्यानं हमीदचं कार्ड वाचलं. "ये भी भाई? इसका नाम तो हमीद है."

"हां साब. मां अलग है."

साहेबानं दाढीवरून हात फिरवला. हसू आवरत होता की राग, मला कळेना. मग अर्ज ओढून त्यावर काहीतरी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. म्हणाला, "तुम मियां-बीवी जब तक उस घर में हो, ये लोग भी रहेंगे. नया कोई नहीं. कुछ गडबड हुई तो तुमसे पूछूंगा."

"मुझसेच पूछो, साब. इनसे मत पूछो, ये गाली देते हैं." हे माझ्याकडं बघून.

"ठीक है," साहेब म्हणाला. "अब पियो."

"नहीं साब. आज सोमवार है. मेरा उपास है."

 मग तो साहेब असा हसला, असा हसला, की त्याच्या डोक्यावरचा रुमाल घसरला. किटलीवाला म्हाताराही हसायला लागला. आम्हाला कळेना काय झालं. मग साहेबानंच सांगितलं. त्यांच्या जुन्या लोकांत रीत होती. मागणं घेऊन आलेला पाहुणा गहवा न पिता पेला समोर ठेवतो. मागणं मान्य होईपर्यंत उचलत नाही. पाहुणा न पिता उठून गेला तर घरधन्याची अब्रू जाते. आता ही रीत कुणाला ठाऊक नाही, त्याच्या स्वतःच्या पोरांनाही नाही. "मैंने सोचा, ये हिंदी औरत को किसने सिखाया! तुमने मुझे फंसा दिया."

ही उठली, कागद पर्समध्ये घातला, म्हणाली, "फंसाया नहीं साब. पर सही हो गया, अब खलास."

फाटकापाशी आल्यावर हमीद म्हणाला, "मावशी, त्यानं सही परत घेतली असती तर?" ही म्हणाली, "तो तसला वाटला का तुला? मला नाही वाटला." बाकीच्यांनी त्या संध्याकाळी बॅगा रिकाम्या केल्या. दगडूनं आपण होऊन मासळी खाल्ली. काट्यासकट खाल्ली आणि ठसका लागून बसला, ते वेगळं.

मग तिला त्याची चटकच लागली. कुणाचं पाणी तोडलं, कुणाची बायको भेटीला यायची तर व्हिसा अडला, की मावशीला न्यायचे. ही पुढच्या खुर्चीवर बसणार, पेला समोर ठेवणार, वार विचारणार. उपास नसला तरी उपास. मी म्हणायचो, "खोटं बोलतेस." ती म्हणायची, "काम होईपर्यंत उपास. झालं की सोडते. यात खोटं काय?" दर वेळी जमायचं असं नाही. माझ्या कंपनीत सुट्टीच्या कामाला आली तेव्हा मॅनेजर आपला मुंबईचा निघाला. हिनं चहा समोर ठेवला. तो आपलं बोलत राहिला, आणि बोलता बोलता तो चहा उचलून स्वतःच प्याला. बाहेर आल्यावर ही म्हणाली, "या माणसाला सात पिढ्यांत कुणी पाव्हणा आलेला नाही."

घर शेवटी गेलं. बलदियानं नाही मोडलं. मालकाला तिथं टॉवर बांधायचा होता. ही परत त्याच हापिसात गेली, पण तो साहेब रिटायर झालेला. खुर्चीवर तरुण पोरगा. त्यानं कागदी कपात चहा दिला, हिनं समोर ठेवला. त्याला रीत माहीत नव्हती. पण त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "अम्मा, घर मालिक का है. मैं कुछ नहीं कर सकता. झूठ नहीं बोलूंगा." हिनं जरा वेळ त्याच्याकडं बघितलं. मग कप उचलला आणि चहा पिऊन टाकला. बसमध्ये मी चिडलेलो. ती म्हणाली, "एवढ्या वर्षांत पहिला भेटला जो इन्शाल्ला म्हणाला नाही. त्याचा चहा टाकायचा होता का?"

बुलडोझर आला त्या दिवशी सगळे कामावर दांडी मारून आले. खजुराचं झाड पडलं तेव्हा ही रडली नाही, दगडू रडला. हमीद खोर फक्कानच्या बंदरात गेला, दगडू कॅम्पात, बाकीचे पांगले. पुढं आम्हीही गाव गाठलं.

तिच्या शेवटच्या दुखण्यात जिल्ह्याच्या दवाखान्यात होतो. हमीद खेडहून आला, दाढी पांढरी, डोक्यावर टोपी. वॉर्डाच्या दारात शिपायानं अडवलं. फक्त नातेवाईक सोडतो म्हणाला. आतून मला ऐकू आलं. "भाऊ आहे मी." शिपाई म्हणाला, "भाऊ?" हमीद म्हणाला, "हो. आई वेगळी." ही खाटेवर डोळे मिटून होती. ओठ हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमीदनं मला चहा आणून दिला. मी तो खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला. तिनं विचारलं, "का हो, पीत का नाही?" मी म्हणालो, "तू घरी चल म्हणेस्तोवर पिणार नाही." तिनं कपाकडं बघितलं. म्हणाली, "अर्ज चुकीच्या हापिसात लावलात. प्या, गार होतोय." मी प्यालो. ती म्हणाली म्हणून प्यालो. चौथ्या दिवशी ती गेली. दगडू माणदेशातून एस्टी बदलत बदलत आला. खांदा द्यायला भावकी पुढं झाली तेव्हा मी म्हणालो, थांबा, आधी तिचे भाऊ. हमीद पुढं उजवीकडं होता. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर मी माझं तोंड बाहेर काढणार होतो.

परवा रेशनकार्डावरचं तिचं नाव कमी करायला तालुक्याच्या हापिसात बोलावलं. मी पहिल्या खुर्चीवर बसलो. कारकून पोरगा भला होता, चहा मागवला. मी कप समोर ठेवला. त्यानं नाव कमी केलं, ते कायद्यानं करावंच लागतं, मी अडवलं नाही. मग त्यानं पुढच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि विचारलं, "आजोबा, म्हणजे आता तुम्ही एकटेच. विधुर लिहू ना?"

"लिहायचं नाही."

"अहो, पण बायको नाही ना आता?"

"नाही असं कुणी सांगितलं?" मी म्हणालो. "बायको आहे. ती तिकडं आहे, एवढंच."

तो पेन धरून बसला. म्हणाला, "साहेबांना विचारून बघतो, आजोबा." मी विचारलं, "वार सांगा." चहा तसाच समोर होता. वर साय धरली होती.