बदामाखालचा फळा
ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्याचा वास आला की परळची आमची चाळ आठवते. गिरणी संपाचं दुसरं वर्ष होतं. शेजारचे विणकर काका रोज सकाळी अंगणातल्या बदामावर टांगलेल्या, स्वतः ठोकून बनवलेल्या लाकडी फळ्यावर रंगीत खडूने सुविचार लिहीत आणि चित्र काढत. रॉकेल मिळेना, तेव्हा लोक त्याच बदामाच्या फांद्या तोडून चुली पेटवू लागले. एका सकाळी काकांनी हिरवंगार झाड काढून लिहिलं, ‘झाड वाचवा, सावली सगळ्यांची आहे.’ तळमजल्यावरच्या वहिनी कोयता घेऊन आल्या आणि वाचून हसल्या. “भावोजी, सावलीवर पेज शिजत नाय. पोरां कालपासून उपाशी आसत.” “खरं आहे वहिनी तुमचं,” म्हणत काकांनी कोयता मागून घेतला, फळा उतरवला आणि त्याचे तुकडे करून वहिनींच्या पायाशी ठेवले. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य जिन्याच्या भिंतीवर होतं, आणि वहिनी खोक्यांची मोडकी लाकडं आणायला शिवडीच्या गोदामांकडे निघाल्या होत्या. पुढे वर्तमानपत्रात मी कितीतरी मथळे लिहिले. एकासाठीही मला माझं स्वतःचं काही मोडावं लागलं नाही.