त्याच कंपनीची गोळी

माझी गोळी बदलली तेव्हा मला पाचवा महिना सुरू होता.

नवरा चंद्रपूरजवळच्या एका कारखान्यात कामाला होता. दर महिन्याला त्याच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जायचे आणि त्या बदल्यात कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना विमा दवाखान्यातून औषधं मिळायची. आमच्या वस्तीतली माणसं तिथं ताप-खोकल्यासाठी जात. मी मिरगीच्या गोळ्यांसाठी जायची. लग्नाआधीपासून एकाच कंपनीच्या गोळ्या मला लागू पडल्या होत्या आणि लग्न झाल्यापासून एकदाही झटका आला नव्हता. मला हा आजार आहे हे शेजारणींनाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी कंपाउंडरने खिडकीतून ज्या पट्ट्या सरकवल्या त्या माझ्या ओळखीच्या नव्हत्या. माझी गोळी पांढरी, मधोमध रेघ असलेली. ह्या फिकट पिवळ्या होत्या आणि पट्टीवर कंपनीचं नावही दुसरंच. मी त्या परत सरकवल्या. त्याने न चिडता सांगितलं की नवीन माल आला आहे, औषध तेच आहे, सगळ्यांना हेच देतो आहोत. माझ्यामागे मोठी रांग होती. मी पट्ट्या पिशवीत टाकल्या आणि घरी आले.

नवऱ्याने पट्टीवरचं नाव वाचून पाहिलं. औषधाचं नाव खरंच तेच होतं. तो म्हणाला, डॉक्टरांनीच दिल्या आहेत तर घे. मी घेतल्या.

माझं माहेर आरमोरीकडचं. बा तलावात मासे धरायचा, थोडी धानाची शेती होती. लहानपणी मला पहिला झटका आला तो तलावाच्या काठावर, गुडघाभर पाण्यात उभी असताना. बाने जाळं टाकून दिलं आणि मला ओढून बाहेर काढलं. त्यानंतर मासेमाऱ्याची पोर असून मला कोणी तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या खाली, उतरू दिलं नाही. माझ्या वयाच्या पोरी पाण्यात शिंगाडे काढायच्या तेव्हा मी वर बसून टोपल्या सांभाळायची. नाकाशी कांदा धरणं, चप्पल हुंगवणं, अंगारा, सगळं करून झालं. शेवटी कोणीतरी बाला नागपूरच्या सरकारी दवाखान्याची वाट दाखवली. तिथं एक गोळी दिली, तिने मी दिवसभर पेंगायची. दुसरीने अंगावर पुरळ आलं. मग ही पांढरी गोळी सुरू झाली आणि झटके हळूहळू थांबले. ही एकदम बंद करायची नाही आणि मनाने बदलायची नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी बाला बजावून सांगितलं होतं.

लग्नाच्या बोलणीत बाने काही लपवलं नाही. त्यामुळे आधीची दोन स्थळं चहा पिऊन निघून गेली. तिसरं माझ्या नवऱ्याचं. त्याने एवढंच विचारलं होतं, गोळी घेतली की बरी राहते ना? बा हो म्हणाला.

नवीन गोळ्या सुरू होऊन दुसरा आठवडा संपत आला होता. सकाळी मी वस्तीतल्या नळावर पाणी भरत होते. झटक्याची आठवण मला कधीच नसते. आधीचं थोडं आठवतं, नंतरचं आठवतं, मधलं लोकांकडून ऐकावं लागतं. आधी मला काहीतरी जळल्याचा वास आला. तो वास मी इतक्या वर्षांनंतरही ओळखला. खाली बसावं असं मनात आलं, पण बसले की नाही ते माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा मी ओल्या फरशीवर आडवी होते, जीभ चावली गेली होती आणि लुगडं भिजलं होतं. शेजारची बाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बाकीच्या जरा लांब उभ्या होत्या.

माझा हात पोटावर गेला. बाळ हलत नव्हतं.

आधल्या आठवड्यापासून ते हलायला लागलं होतं, सकाळी जरा जास्तच. शेजारणीने मला घरी आणून डाव्या कुशीवर निजवलं. नवरा कारखान्यातून धावत आला. माझं सगळं लक्ष पोटात होतं. त्याने मला जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथल्या नर्सने बराच वेळ नळी लावून ऐकलं, जागा बदलून पुन्हा ऐकलं आणि मग म्हणाली की ठोके आहेत. तरी माझा विश्वास बसेना. दिवे लागायच्या सुमारास आतून एक हलकीशी लाथ बसली तेव्हा मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं विमा दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. मग समजावून सांगितलं की दोन्ही गोळ्यांत औषध एकच आहे, तेवढंच आहे, फक्त बनवणारी कंपनी वेगळी. शिवाय गरोदरपणात पुष्कळ बायकांचे झटके आपोआप वाढतात, तेव्हा दोष गोळीचाच असं म्हणता येत नाही. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्या झटक्याला गोळी कारण झाली की पोटातलं बाळ, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. पण गोळी बदलण्याआधीचे चार महिनेही मी गरोदरच होते आणि तेव्हा काही झालं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं.

ते म्हणाले, "बाई, जुन्या कंपनीची गोळी आता आमच्या यादीत नाही. मी मनाने देऊ शकत नाही. नागपूरच्या ऑफिसची मंजुरी आणा. त्यासाठी तुमच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून कंपनीच्या नावासकट लिहून आणा."

तोवर गोळ्या बाहेरून विकत घ्यायचं ठरलं. चंद्रपूरच्या एकाच औषधाच्या दुकानात त्या मिळाल्या, त्याही थोड्याच. दुकानदार म्हणाला, गिऱ्हाईक नसतं म्हणून ठेवत नाही, मागवून देईन. दर महिन्याला विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती, आणि विम्याचे पैसे तर पगारातून कापले जातच होते.

नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून बाला बोलावलं. तो आरमोरीहून आला आणि आम्ही दोघं नागपूरला गेलो. प्रवासभर त्याने माझा दंड धरून ठेवला होता. जळका वास तर येत नाही ना, हे तो सारखं विचारत होता. त्या वासाचं मी त्याला लहानपणीच सांगितलं होतं.

सरकारी दवाखान्यातले माझे जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. नव्या डॉक्टरांनी माझे कागद पाहिले आणि म्हणाले की ह्या आजारात कंपनी बदलली की काही जणांना त्रास होतो, गरोदरपणात तर बदलूच नये. मला हायसं वाटलं. मग मी कंपनीचं नाव लिहून द्या म्हटलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. इथं औषधाचं नाव लिहायचं, कंपनीचं लिहायचं नाही, असा त्यांचा नियम होता. विम्यावाल्यांना कंपनीचं नाव हवं होतं आणि सरकारी डॉक्टरांना ते लिहायची मनाई होती. खाजगी तज्ज्ञाकडे जावं तर विमा त्याचा कागद मानत नव्हता.

डॉक्टरांनी माझे जुने कागद पुन्हा उलटले. मग त्यांनी लिहिलं की ह्या रुग्णाला पूर्वी ज्या कंपनीची गोळी चालू होती तीच चालू ठेवावी, कंपनी बदलू नये. खाली सही केली, शिक्का मारला. म्हणाले, "ह्याच्या पुढं मला जाता येत नाही."

विम्याच्या ऑफिसात आम्ही दुपारपर्यंत बाकावर बसून होतो. मंजुरी देणारे अधिकारी स्वतः डॉक्टरच होते, उतारवयाचे. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं की यात कंपनीचं नाव कुठं आहे. मी जुनी रिकामी पट्टी पुढं केली. ते म्हणाले, पट्टी हा पुरावा होत नाही. मग त्यांनी झटक्याबद्दल विचारलं. नव्या गोळीवर किती आले? मी म्हटलं, एक. कोणी पाहिला? शेजारणींनी. दवाखान्यात नोंद आहे? जिल्हा रुग्णालयात फक्त बाळाचे ठोके लिहिले होते, झटक्याची नोंद दुसऱ्या दिवशी विमा दवाखान्यात केली.

त्यांनी चष्मा काढला. "असं करा. आणखी एक महिना ह्याच गोळ्या घ्या. पुन्हा फिट आली तर लगेच दवाखान्यात नेऊन नोंद करून घ्या. मग मला तुमची केस पुढं नेता येईल."

ते अगदी शांतपणे बोलले, जणू पुढच्या आठवड्यात या असं सांगत होते. मला आधी वाटलं, माझी ऐकण्यात काही चूक झाली. बाला त्यांची पुस्तकी भाषा नीट कळली नव्हती. त्याने मला विचारलं, "काय म्हणून राह्यले साहेब?"

"म्हणून राह्यले का त्या गोळ्या घेऊन आणखी एक झटका येऊ दे. मंग देतो म्हणतात."

बा माझ्याकडे पाहतच राहिला. त्याचा दंडावरचा हात घट्ट झाला. आता बाहेर पडले तर पुन्हा ह्या खोलीत यायची हिंमत होणार नाही हे मला कळत होतं. पिशवीत पिवळ्या गोळ्यांची पट्टी होती. मी ती काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, मले पाणी द्या. मी आता इथंच गोळी घेतो. रोज इथंच येऊन घेईन, तुमच्या समोर. झटका आला तर तुमीच नोंद करा. फक्त आधी एका कागदावर लिहून द्या, का तुमी सांगतलं म्हणून हे बाई पोटुशी असून गोळ्या घेऊन राह्यली."

शेजारच्या टेबलावरचा कारकून मान खाली घालून बसला. साहेब रागावतील आणि आम्हाला बाहेर काढतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी पट्टी उचलून उलटसुलट पाहिली, सरकारी डॉक्टरांचा कागद पुन्हा वाचला आणि सगळं घेऊन आतल्या खोलीत गेले. आम्ही खूप वेळ उभे होतो. बाने मला बस म्हटलं, पण मी बसले नाही.

ते परत आले तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने जुन्या कंपनीचं नाव लिहिलेलं होतं. म्हणाले, "बाळंतपणापर्यंत देतो. त्यापुढचं मी सांगू शकत नाही. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

मंजुरी मिळाली, पण गोळ्या लगेच मिळाल्या नाहीत. दवाखान्याने त्या मागवायच्या, मग त्या यायच्या. चंद्रपूरच्या दुकानातल्या संपत आल्या. मी एखादी वेळ चुकवून पुरवून वापरायला लागले. हे नवऱ्याला समजलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला आणि मग बराच वेळ दाराशी बसून राहिला. बा गावी परतताना रिकामी पट्टी घेऊन गेला होता. त्याला वाचता येत नव्हतं. आरमोरीत, मग वडशात, दिसेल त्या दुकानात तो ती पट्टी दाखवत फिरला. वडशाच्या एका दुकानात मिळाली, पण निम्म्या ताकदीची. दुकानदाराने ते नीट सांगितलं होतं आणि बाने एसटीत बसून ते वाटभर घोकलं होतं. दारात पाय ठेवताच तो म्हणाला, "बाई, ह्या दोन-दोन घ्या लागते. दोन मिळून तुही एक होते." मी दोन-दोन घेतल्या. त्या संपण्याआधी दवाखान्याचा माल आला.

बाळंतपण जिल्हा रुग्णालयात झालं. कळा सुरू झाल्यावर मला तोंडाने काही द्यायचं नाही असं नर्स म्हणत होती. मी गोळी मागत राहिले. नवऱ्याने पट्टी शर्टाच्या खिशात ठेवली होती. शेवटी ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंना विचारून, घोटभर पाण्याबरोबर नर्सने मला ती घेऊ दिली. पोरगी झाली. झटका आला नाही. तिला हातात दिलं तेव्हा मी आधी तिची बोटं पाहिली, ओठ पाहिले, पाठ पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. बा बाहेर उभा होता. त्याने तिला हातात घ्यायला आधी नकारच दिला, हातांना माशांचा वास येतो म्हणाला. मग घेतलं.

बाळंतपणापर्यंतची मंजुरी तिथं संपली. विमा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला पिवळ्या गोळ्या लिहून द्यायला घेतल्या आणि मधेच थांबले. कडेवर पोर घेऊन मी पुन्हा नळावर जाणार, चुलीपाशी बसणार, हे त्यांना दिसत असावं. त्यांनी नागपूरला नव्याने लिहिलं. तीन महिन्यांची मंजुरी आली, मग पुन्हा तीन महिन्यांची. दर वेळी वरून तोच प्रश्न यायचा की मधल्या काळात फिट आली का. नाही म्हटलं तर लिहून यायचं, बरी आहे तर यादीतली गोळी का देत नाही. डॉक्टर त्याला दर वेळी उत्तर पाठवायचे. काय लिहायचे ते मी विचारलं नाही. मंजुरी येईपर्यंत मी मात्र उरलेल्या गोळ्या रोज मोजायची. पोरीला आंघोळ घालताना मी शेजारणीला हाक मारून बसवून घ्यायची. त्या दिवशी नळावर माझं डोकं मांडीवर घेणारी तीच. तिने कधी का म्हणून विचारलं नाही.

पोरगी शाळेत जायला लागली त्या वर्षी एक दिवस कंपाउंडरने खिडकीतून माझ्या जुन्या पांढऱ्या गोळ्या सरकवल्या. मी मंजुरीचा कागद काढायला लागले तर तो म्हणाला, "राहू द्या बाई. ह्या वर्षी सगळ्यायले ह्याच आहेत." पुरवठा पुन्हा बदलला होता. कोणाच्या सांगण्यावरून, कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी काय येईल हेही त्याला सांगता आलं नाही.

त्या वर्षी माझ्या गोळीसाठी एकही कागद नागपूरला गेला नाही.