पेशीचं आडनाव

आज प्रयोगशाळेतल्या पेशी तपासणाऱ्या यंत्रावर माझी पहिली पाळी होती. चमकणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, पेशीच्या पृष्ठभागावरचं ठरावीक प्रथिन शोधून त्यालाच चिकटतात. मग लेझरसमोरून जाताना ती पेशी हिरवी उजळते. मी नमुना तयार करत होते, तेवढ्यात पीएचडी करणाऱ्या ताईंनी विचारलं, "नाव काय गं?" मी सांगितलं.

"अगं, पुढचं?"

आडनाव ऐकून त्यांनी नमुन्याची नळी माझ्या हातातून घेतली. "अच्छा. तू ग्लासवेअर धुऊन टाक. यंत्र मी बघते."

कदाचित माझा गैरसमज असेल. पण प्रतिपिंडाला पृष्ठभागापलीकडचं वाचताच येत नाही, त्याला दोष कसा देणार? ताईंना तर येतं. त्यांचा राग आलाच. त्याहून जास्त राग आला, तो माझ्या तोंडून लगेच निघालेल्या "हो ताई"चा.